सारथीतली कमान

"कॅमेरा काढ आणि नव्वद अंशांनी फिरवून लाव," रणभिसेकाका म्हणाले.

मी लॅपटॉपवरून मान वर केली. पावणेनऊ वाजले होते. पाच दिवसांत आकाश पहिल्यांदाच इतकं स्वच्छ मिळालं होतं. संध्याकाळपासून दहा फोटो झाले होते आणि अकरावा चालू होता. एका फोटोला दहा मिनिटं लागत.

"आत्ता?"

"आत्ता."

"काका, सगळं मोडेल. पुन्हा फोकस करा, पुन्हा तारे जुळवा. अर्धा तास त्यातच जाईल."

"जाऊ दे. एक तास फोटो काढू. सहा होतील. मग पुन्हा होता तसा लावू."

"पण कशासाठी?"

"ती कमान कुठं जाते ते बघायचंय मला."

तेरा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीपासून चार किलोमीटर अलीकडे, सिद्धाण्णा बिराजदारांच्या खळ्यावर आम्ही जानेवारीतल्या अमावास्येच्या आसपास पाच रात्री मुक्कामाला होतो. आम्ही म्हणजे दोघंच. शांतवन रणभिसे मिरजेच्या एका दवाखान्यात चौतीस वर्षं एक्स-रे काढून निवृत्त झाले होते. मी सांगलीत एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो आणि माणसं कमी पडली की बातमीदारही. दुर्बीण त्यांची, कॅमेरा माझा, तिपाईचे पैसे अर्धे-अर्धे.

मृगातला मोठा तेजोमेघ कोणीही टिपतो. आमची यादी वेगळी होती. ज्यांना नाव नाही, सूचीत फक्त आकडा आहे आणि ज्यांचे फोटो शोधूनही फारसे सापडत नाहीत, असे तेजोमेघ आम्ही घ्यायचो. हे वायूचे ढग इतके मंद असतात की दुर्बिणीला डोळा लावला तर काहीच दिसत नाही. त्याच जागेचे दहा-दहा मिनिटांचे फोटो काढत राहायचे, चार रात्रींचे चौदा तास संगणकावर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे काळ्यात थोडं कमी काळं दिसू लागतं. त्या वर्षी आम्ही सारथी तारकासमूहातला असा एक धरला होता. संध्याकाळी सातपासून तो माथ्यावर येईपर्यंत फोटो घ्यायचे. पश्चिमेला कलला की आमची दुर्बीण तिपाईच्या पायाला टेकायची, म्हणून साडेदहाला थांबायचं. रात्रीला एकवीस फोटो. चार रात्रींचे चौऱ्याऐंशी.

शुक्रवारी रात्री मी ते चौऱ्याऐंशी फोटो रचले आणि उजेड वाढवत गेलो. मधोमध आमचा तेजोमेघ धुरकट दिसू लागला. आणि डावीकडे खाली, एका ठळक ताऱ्यावर, एक कमान. पुसट, पण गोलाई सरळसरळ दिसणारी. मी हाक मारली तेव्हा काकांनी चष्मा कपाळावर ढकलून नाक पडद्याला लावलं, बराच वेळ बघितलं आणि "हं," एवढंच म्हणाले. सूचीत त्या जागी काही नव्हतं. त्या दिवशी, म्हणजे शनिवारी, दुपारी जतच्या इंटरनेट कॅफेत जाऊन मी आकाशाच्या जुन्या सर्वेक्षणांचे फोटो उघडले. तिथेही काही नव्हतं.

त्याच कॅफेत बसून मी आणखी एक काम केलं होतं. ते आता सांगणं भाग होतं.

"काका, मी बातमी पाठवलीय."

"कसली?"

"कमानीची. दुपारी, जतमधून. फोटोसकट. उद्या पहिल्या पानावर आहे, खालच्या बाजूला."

ते तिपाईजवळ उभे होते. डोक्याला मफलर, अंगात दवाखान्यातून मिळालेला जुना निळा स्वेटर.

"पान किती वाजता सुटतं?"

"साडेअकराला."

त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर लाल टॉर्च धरला. "मग वेळ आहे की. फिरव."

मी लगेच उठलो नाही. मला ती बातमी हवी होती आणि त्याचं कारण आकाशात नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी मी एका दूध संघाच्या माजी अध्यक्षांच्या नावाआधी 'कै.' छापलं होतं. गृहस्थ हयात होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कडक इस्त्रीच्या कपड्यांत ते स्वतः ऑफिसात आले आणि दारातूनच म्हणाले, "मी कैलासवासी. आत येऊ का?" सगळं ऑफिस हसलं, मी सोडून. खुलासा छापावा लागला. आमचे वृत्तसंपादक विजापुरे यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि आवाज न चढवता सांगितलं की यापुढे एक चूक झाली की मी बाजारभावाचं पान बघायचं. हळद, बेदाणा, गूळ. ते पान बघणारा माणूस नऊ वर्षं तिथेच होता. विजापुरे बोलत तसं करत. तेव्हा ही कमान म्हणजे माझ्या दृष्टीने तो 'कै.' पुसायची संधी होती.

"कॅमेऱ्यातलं काही असेल असं म्हणायचंय का तुम्हाला?" मी विचारलं. "त्यासाठीच तर कोरे फोटो घेतलेत ना आपण?"

कोरे फोटो हा आमचा शब्द. पहिल्या दिवशी तिन्हीसांजेला, काकांच्या पत्नी करुणाकाकूंनी इस्त्री करून दिलेली पांढरी उशीची खोळ दुर्बिणीच्या तोंडावर ताणून आम्ही तीस फोटो काढले होते. अशा फोटोंत फक्त धुळीच्या सावल्या उमटतात. मग संगणक खऱ्या फोटोत त्या त्या जागी तेवढा उजेड भरतो आणि सावल्या नाहीशा होतात.

"घेतलेत," काका म्हणाले. "तेच वापर. बाकी काही बदलू नकोस. फक्त कॅमेरा फिरव. कमान आकाशात असेल तर ती तिच्या ताऱ्याबरोबर फिरेल. कॅमेऱ्यात असेल तर जागची हलणार नाही. एवढंच."

"आणि फिरली तर?"

"तर उद्याचा पेपर मी पाच प्रती घेईन."

मी कॅमेरा फिरवला. थंडीने बोटं वळत नव्हती. फोकस, तारे, सगळं पुन्हा जुळवून पहिला फोटो सुरू व्हायला सव्वानऊ वाजले.

सिद्धाण्णा घोंगडं पांघरून, हातात फडकं बांधलेलं ताट घेऊन आले. ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. लॅपटॉपचा उजेड दुर्बिणीवर पडलेला चालत नाही हे त्यांना माहीत झालं होतं, म्हणून ते नेहमीसारखे लॅपटॉपला पाठ करून मध्ये आड उभे राहिले.

"काय घावलं का न्हाई?"

"ढग घावलाय," काका म्हणाले. "खरा हाय का खोटा, ते बघायलोय."

"ढग?" सिद्धाण्णांनी वर बघितलं. वर एकही नव्हता. "हितलं ढग पडंनात दोन वर्सं झाली, आनि तुमी लांबचं कशाला हुडकायलाय?"

"तो बी पडायचा न्हाई."

"मग मिरजेलाच ऱ्हायाचं की घरात. बाई जेवायला घालत न्हाई व्हय?"

हसत ते गेले. आम्ही ताट मध्ये घेऊन बसलो. पहिला फोटो झाला, दुसरा सुरू झाला. काका भाकरी अगदी बारीक चावत.

"श्रेणिक, तुला एक सांगतो," ते म्हणाले. "मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. अठरा वर्षांची एक मुलगी छातीच्या फोटोला आली. कवठेमहांकाळकडची. दोन महिने खोकला. न्हाऊन आली होती, ओली वेणी खांद्यावरून पुढं. मी म्हटलं, श्वास घे, धरून ठेव, सोड. पुढचा. त्या दिवशी साठ माणसं होती रांगेत."

"मग?"

"फोटोत उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याला डाग. डॉक्टरांनी क्षय म्हणून लिहिलं. त्या काळात रोज इंजेक्शन. चार महिने घेतली तिने. मग टायफॉईड झाला म्हणून घरच्यांनी केस कापले. त्यानंतर फोटोला आली तर डाग नाही."

मला समजायला थोडा वेळ लागला.

"वेणी?"

"ओली, घट्ट वेणी फिल्मवर ढगासारखी येते. आम्हाला शिकवलेलं असतं, केस वर बांधायला सांगायचं. मी बघितली होती ती वेणी. बघून सांगितलं नाही. जरा कुशीवर वळवून दुसरा फोटो काढला असता तरी कळलं असतं. डाग आतला असेल तर फुप्फुसाबरोबर सरकतो."

"तिला सांगितलंत?"

"सुट्टी काढून गावी गेलो. तिच्या वडिलांना सांगितलं, चूक डॉक्टरांची नाही, माझी. ते म्हणाले, एवढ्यासाठी एवढ्या लांब आलास? मी म्हटलं, पत्रात लिहायला जमेना. त्यांनी चहा दिला." काकांनी चटणीचं बोट पुसलं. "पण ठरलेलं लग्न मोडलं होतं तिचं. ते काही मला परत जोडून देता आलं नाही. कितवा चालूय?"

"तिसरा."

"बरं."

उरलेला वेळ मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघण्यात घालवला. सहावा फोटो संपला तेव्हा सव्वादहा झाले होते. मी सहाही फोटो लॅपटॉपवर घेतले, पहिल्या दिवशीचे कोरे फोटो लावले, रचले आणि उजेड वाढवला. फोटो एका तासाचाच, त्यामुळे दाणेदार होता. आमचा तेजोमेघ असून नसल्यासारखा. ज्या ठळक ताऱ्यावर कमान होती तो फिरून उजवीकडे खाली गेला होता. त्याच्यावर काहीही नव्हतं.

कमान डावीकडे खाली होती. कालच्याच जागी, रिकाम्या काळोखावर.

काका माझ्या खांद्यामागे उभे होते. मी काही बोलायच्या आधी ते म्हणाले, "रेंज कुठं आहे?"

"बिरोबाच्या टेकडीवर."

"टॉर्च घेऊन जा. वाटेत दगड आहेत."

टेकडी वीस मिनिटांवर होती, मी बाराएक मिनिटांत गेलो असेन. वाटेत एक विचार आला तो लिहून टाकतो. रेंज नव्हती, असं मी सोमवारी सांगू शकलो असतो. कोणीही विश्वास ठेवला असता. महिन्याभराने एक छोटा खुलासा आला असता किंवा तोही आला नसता. सारथीतल्या एका कोपऱ्याची चौकशी करणारे महाराष्ट्रात किती लोक असतील? देवळाच्या पायरीवर पोचलो तेव्हा फोनवर दोन दांड्या होत्या.

"बोल मगदूम," विजापुरे म्हणाले. "पान लागलंय. फोटो झकास आलाय रे, मी चार कॉलम केलाय."

"सर, बातमी काढा."

"काय?"

"चूक आहे. तेजोमेघ नाही तो. धूळ आहे."

"कसली धूळ?"

"कॅमेऱ्यातली."

मागे डेस्कवर कोणीतरी मोठ्याने मथळा वाचत होतं. विजापुऱ्यांनी त्याला गप्प केलं.

"कुणी कळवलं तुला? पुण्याहून फोन आला का कुणाचा?"

"नाही. आम्हीच तपासलं. आत्ता."

"म्हणजे अजून कुणालाच माहीत नाही."

"आम्हा दोघांना माहीत आहे, सर."

"मगदूम, चार कॉलम आहेत. तिथं आता काय तुझं डोकं लावू?"

"तासगावची द्राक्षांवरच्या भुरी रोगाची बातमी आहे. फोटो आहे तिला. आत कुठेतरी लावली असेल, ती बाहेर घ्या."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"सोमवारी आल्या आल्या मला भेट," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

सोमवारी मी गेलो तो बाजारभावाच्या पानाची मानसिक तयारी करूनच. विजापुरे डबा खात होते. त्यांनी बस म्हटलं नाही.

"आजपासून पहिलं पान सोडायच्या आधी शेवटचं तू वाचायचं," ते म्हणाले. "तू वाचल्यावर मी सही करणार."

"मी? त्या खुलाशानंतर?"

"छापून आल्यावर माफी मागणारे मला ढिगाने माहीत आहेत. छापायच्या आधी स्वतःचीच बातमी काढा म्हणून फोन करणारा मी पहिल्यांदा बघितला. जा आता, जेवू दे."

ते काम मी अकरा वर्षं केलं. घर त्याच्यावर चाललं, मुलीचं शिक्षण त्याच्यावर झालं. त्या अकरा वर्षांत मी थांबवलेल्या चुका कुणाला दिसल्या नाहीत, कारण त्या छापल्याच गेल्या नाहीत. हे सगळं ज्यांच्यामुळे झालं त्यांचे आभार मानायला मी एकदा मुद्दाम मिरजेला गेलो होतो. काका म्हणाले, "आभार राहू देत. फुंकायच्या आधी विचारत जा."

कारण चूक तिथे होती, फुंकण्यात. रविवारी पहाटे आम्ही नव्याने कोरे फोटो काढले आणि ते लावून चौऱ्याऐंशी फोटो पुन्हा रचले. कमानीचा मागमूस राहिला नाही. तिच्या चकाकीखाली जो भाग झाकला गेला होता तिथपर्यंत आमचा खरा तेजोमेघ पसरलेला निघाला, ओल्या सरपणाच्या धुरासारखा. तो फोटो काकांच्या बैठकीच्या खोलीत लावलेला आहे. खाली दोघांची नावं आणि 'चौदा तास' एवढंच लिहिलंय. पाहुणे विचारतात, यात काय दिसतंय? करुणाकाकू उत्तर देतात, "दिसत नाही म्हणूनच लावलाय."

पण मला सांगायचंय ते त्या शनिवारच्या रात्रीचं. टेकडीवरून परत आलो तेव्हा काकांनी कॅमेरा पुन्हा पहिल्यासारखा लावून ठेवला होता. स्वतः पोत्यावर बसले होते आणि मांडीवर त्यांची दोनशे पानी वही होती. कुठल्या वेळी काय केलं याची ते नोंद ठेवत, एक्स-रेच्या रजिस्टरमध्ये ठेवत असतील तशीच.

"काढली?"

"काढली."

त्यांनी वही माझ्याकडे दिली. मंगळवारच्या पानावर, सुवाच्य अक्षरात: '६.३५ ते ६.४५ कोरे फोटो, तीस. ६.५० श्रेणिकने फिल्टर काढून रबरी फुग्याने धूळ उडवली, परत लावला. ७.०० पहिला फोटो.'

मी ते दोनदा वाचलं. कोरे फोटो घेतल्यावर मला कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवलेल्या फिल्टरच्या काचेवर एक कण दिसला होता आणि मी तो, स्वच्छतेच्या हौसेने, उडवून टाकला होता. कण गेला, पण कोऱ्या फोटोंत त्याची सावली राहिली. संगणक चार रात्री नसलेल्या सावलीवर उजेड भरत होता. तो उजेड म्हणजे आमची कमान.

शुक्रवारच्या पानावर शेवटची ओळ होती: 'डावीकडे खाली कमान. मंगळवार ६.५०?'

"तुम्हाला कालच कळलं होतं," मी म्हणालो.

"शंका होती."

"मग दुपारी मी जतला निघालो तेव्हा का बोलला नाहीत?"

"तू टोमॅटो आणायला चाललोय म्हणालास."

टोमॅटो मी आणले होते, ते खरं.

"आल्यावर तरी सांगायचं."

"काय सांगायचं? शंका खोटी निघाली असती तर एक खरी गोष्ट मी पुसून टाकली असती. आणि तू ऐकलं असतंस? माझ्याशी भांडला असतास. कॅमेऱ्याशी भांडता येत नाही."

मी वही त्यांना परत दिली. त्यांनी वही मिटली.

"आणि दुसरं म्हणजे," ते म्हणाले, "मलाही हवी होती ती. आज दिवसभर मी मनात म्हणत होतो, फिरू दे. ताऱ्याबरोबर फिरू दे. संध्याकाळी सातलाच सांगणार होतो तुला फिरवायला. पावणेनऊ केले."

काकांना काही हवं असल्याचं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. दुर्बिणीची मोटर हळू आवाजात चालू होती. तिपाई आडवी यायच्या आधीच त्यांनी दुर्बीण पूर्वेला, पुढच्या आकड्याकडे वळवली होती.

"बातमीत काय लिहिलं होतंस?"

"राहू दे, काका."

"वाच की. छापायची नाही, म्हणून ऐकायचीही नाही का?"

मी लॅपटॉप उघडला, उजेड कमीत कमी केला आणि वाचू लागलो. "सारथी तारकासमूहात आजवर कोणत्याही सूचीत नोंद नसलेला तेजोमेघ जिल्ह्यातील दोन हौशी आकाशनिरीक्षकांनी टिपला आहे. मिरज येथील निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ शांतवन येशुदास रणभिसे (वय ६८) आणि..."

"पुन्हा. नावापासून."

"मिरज येथील निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ शांतवन येशुदास रणभिसे, वय अडुसष्ट..."

"एकोणसत्तर," ते म्हणाले. "डिसेंबरात पुरी झाली."

मी आकडा दुरुस्त केला.

"आता वाच," काका म्हणाले. मी ती बातमी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली.